छोट्या डेस्कटॉपमधली न वाढणारी रॅम: बेळगाव-सीमाभागातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टेबलाखालचा मोठा टॉवर आता बेळगावातही कमी होत चाललाय. सोसायट्यांचे काउंटर, सीएंची ऑफिसं, डीटीपीची दुकानं, कॉलेजच्या पोरांच्या खोल्या, सगळीकडे जेवणाच्या डब्याएवढे डेस्कटॉप, म्हणजे मिनी पीसी, दिसतात. जागा वाचते, आवाज नाही, लाइट गेली तर इन्व्हर्टरवर जास्त वेळ चालतात. अडचण एकच. यातल्या बऱ्याच मशिनांची रॅम, म्हणजे काम चालू असताना लागणारी मेमरी, नंतर वाढवता येत नाही, आणि गिऱ्हाइकाला ते कळतं दोन वर्षांनी, मशीन हळू झाल्यावर. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, संकेश्वर या भागातून याबद्दल जे प्रश्न पुन्हापुन्हा येतात त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिलाय.

१. रॅम वाढवता येत नाही म्हणजे नेमकं काय? आमच्या जुन्या पीसीत तर दोन मिनिटांत वाढवून दिली होती.

जुन्या पीसीत मदरबोर्डवर स्लॉट असतो आणि रॅमची स्टिक त्यात खटकन बसते. छोट्या डेस्कटॉपमध्ये तीन प्रकार सापडतात. पहिल्यात स्लॉट असतोच, फक्त लॅपटॉपला लागते ती आखूड स्टिक बसते, जिला सो-डिम म्हणतात. ही वाढते. दुसऱ्यात रॅमच्या काळ्या चिपा थेट बोर्डवर सोल्डर केलेल्या असतात. तिसऱ्यात त्या बोर्डवरही नसतात, प्रोसेसरच्याच पॅकेजवर त्याला लागून बसवलेल्या असतात. दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारात विकत घेताना जेवढी रॅम, तेवढीच शेवटपर्यंत.

२. दुकानदार म्हणाला, "५१२ जीबी मेमरी आहे, पुरे की!" मग रॅमची काळजी कशाला?

ते ५१२ जीबी म्हणजे साठवण, एसएसडी. फायली तिथे कायम राहतात. रॅम म्हणजे काम चालू असताना प्रोसेसर ज्यावर काम करतो ती जागा, आणि ती ८, १६, ३२ जीबी अशा आकड्यांत असते. बोलताना दोन्हीला मेमरी म्हणतात, त्यामुळे दुकानात "रॅम किती आणि एसएसडी किती" असं वेगळंवेगळं विचारा. एसएसडी बहुतेक मिनी पीसींमध्ये नंतरही बदलता येते. ती बदलून रॅमची कमतरता भरते का, ते प्रश्न ११ मध्ये आहे.

३. कंपन्या असं का करतात? निव्वळ पैसे उकळायला?

निव्वळ नाही. पण पैशाचा भाग आहे, तो लपवण्यात अर्थ नाही.

आधी तांत्रिक बाजू. एलपीडीडीआर जातीची रॅम मुळात फोनसारख्या बॅटरीवरच्या यंत्रांसाठी तयार झाली. ती वीज कमी खाते आणि वेग मोठा देते, पण त्यासाठी ती प्रोसेसरच्या अगदी जवळ असावी लागते. मध्ये लांब वाट आणि स्लॉट आला की एवढ्या वेगात सिग्नल बिघडतो. फरक आकड्यांत पाहा. स्लॉटात बसणाऱ्या रॅमच्या सध्याच्या दोन जाती म्हणजे डीडीआर४ आणि तिच्यानंतरची डीडीआर५. डीडीआर४-३२०० ची एकच स्टिक असेल तर सेकंदाला सुमारे २५.६ जीबी डेटा ये-जा करतो. डीडीआर५-५६०० च्या दोन स्टिक लावल्या तर सुमारे ९० जीबी. अॅपलच्या एम४ चिपच्या मॅक मिनीत हाच आकडा १२० जीबी आहे आणि एम४ प्रोमध्ये २७३ जीबी. ग्राफिक्सचा भाग प्रोसेसरमध्येच असल्यामुळे तोही हीच रॅम वापरतो, म्हणून हा वेग कामात जाणवतो.

हे खरं आहे याची सगळ्यांत चांगली साक्ष फ्रेमवर्क या कंपनीची. गिऱ्हाइकाला स्वतः उघडता, बदलता येतील अशी मशिनं करणं यावरच तिचं नाव झालंय. २०२५ मध्ये तिने एएमडीचा रायझन एआय मॅक्स प्रोसेसर घालून छोटा डेस्कटॉप आणला, आणि त्यात रॅम सोल्डर केली. बदलता येणारी रॅम लावता येईल का ते एएमडीने तपासलं, पण या प्रोसेसरला ते जमत नाही असं निघालं, हे कंपनीने जाहीरपणे सांगितलं.

आता पैशाची बाजू. स्लॉट नसला की रॅम विकणारा एकच उरतो, मशीन विकणारा. एम४ मॅक मिनी २०२४ च्या शेवटी भारतात आला तेव्हा १६ जीबी रॅम आणि ५१२ जीबी एसएसडीचं मॉडेल ७९,९०० रुपयांना होतं, आणि तेच २४ जीबी रॅमसह ९९,९०० रुपयांना. म्हणजे आठ जीबीला वीस हजार. त्या वेळी बाजारात ८ जीबीची लॅपटॉप स्टिक याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास मिळत होती. दोन्ही रॅम एकाच जातीच्या नाहीत हे मान्य करूनही एवढा फरक तंत्रज्ञानाचा नाही, मक्तेदारीचा आहे.

४. कोणत्या मशीनची वाढते, कोणत्याची नाही, एकदा स्पष्ट सांगा.

मॅक मिनी: २०१२ चं मॉडेल वाढतं. २०१४ चं वाढत नाही. २०१८ चं इंटेलवालं वाढतं, ६४ जीबीपर्यंत, पण ते उघडणं किचकट आहे. २०२० च्या एम१ पासून पुढचं एकही वाढत नाही. मॅक स्टुडिओचंही तेच.

डेलचे ऑप्टिप्लेक्स मायक्रो, लेनोव्होचे थिंकसेंटर टायनी, एचपीचे एलिटडेस्क मिनी: ऑफिसांसाठी काढलेली ही मशिनं. यांत साधारण दोन सो-डिम स्लॉट असतात, त्यामुळे वाढतात.

इंटेलचे एनयूसी (२०२३ पासून हे काम आसुसकडे गेलं): बहुतेक वाढतात. कोअर अल्ट्रा २०० व्ही मालिकेचा प्रोसेसर असेल तर मात्र नाही, कारण त्यात रॅम पॅकेजवरच असते, १६ किंवा ३२ जीबी.

रास्पबेरी पाय (एकाच छोट्या बोर्डाचा संगणक): कोणताही घ्या, वाढत नाही.

ऑनलाइन मिळणारे स्वस्त मिनी पीसी, विशेषतः इंटेलच्या एन१०० प्रोसेसरवाले: इथे नावावर जाऊ नका. एकाच कंपनीच्या, बाहेरून सारख्याच दिसणाऱ्या दोन मॉडेलांत एकाला स्लॉट आणि दुसऱ्याची रॅम सोल्डर, असं सर्रास असतं. प्रश्न ५ प्रमाणे तपासूनच घ्या.

५. विकत घेण्याआधी कसं ओळखायचं? खोकं तर सील असतं.

खोक्यावर न पाहता कंपनीच्या साइटवर त्या नेमक्या मॉडेल नंबरची माहिती काढा. "ऑनबोर्ड", "सोल्डर्ड", "युनिफाइड मेमरी", "एलपीडीडीआर४" किंवा "एलपीडीडीआर५" यातला एकही शब्द दिसला तर रॅम वाढणार नाही असं धरून चाला. "सो-डिम" आणि त्याबरोबर स्लॉटची संख्या लिहिली असेल तर वाढते. नुसतं "डीडीआर५, १६ जीबी" एवढंच लिहिलं असेल तर उत्तर मिळालेलं नाही, पुढे विचारायचं.

एक फसवी ओळ असते: "कमाल मेमरी ३२ जीबी". सोल्डर केलेल्या मशीनच्या पानावरही ती सापडते. तिथे तिचा अर्थ ते मॉडेल कारखान्यातून जास्तीत जास्त ३२ जीबीचं मिळतं, एवढाच. तुमचं ८ जीबीचं मशीन ३२ चं होईल असा नाही.

आणि विचारायचंच तर "रॅम वाढते का?" असं विचारू नका, हो म्हणायला काही लागत नाही. "रिकामा स्लॉट किती आणि त्यात कोणती रॅम बसते?" असं विचारा. उत्तर बिलावर लिहून घ्या. का, ते प्रश्न १६ वाचल्यावर कळेल.

६. घरी असलेल्या मशीनचं कसं बघू? उघडायची भीती वाटते.

उघडायची गरज नाही. विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात परफॉर्मन्स, मग मेमरी. खाली उजवीकडे बारीक अक्षरांत स्पीड, स्लॉट्स यूज्ड आणि फॉर्म फॅक्टर अशा ओळी असतात. फॉर्म फॅक्टरपुढे "सोडिम" असेल आणि स्लॉट्स यूज्डपुढे "२ पैकी १" असेल तर एक स्लॉट रिकामा आहे. "रो ऑफ चिप्स" असेल तर रॅम सोल्डर केलेली आहे.

ही माहिती मशीनच्या बायोसकडून (विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या, बोर्डवरच्या प्रोग्रामकडून) येते आणि काही स्वस्त मशिनांच्या बायोसमध्ये ती चुकीची भरलेली असते. सोल्डर केलेल्या मशीनवर "८ पैकी ८ स्लॉट" असंही दिसतं. एवढ्याशा डब्यात आठ स्लॉट मावत नाहीत, तेव्हा त्या चिपा मोजल्या आहेत असं समजा. शंका राहिली तर तळाचे चार स्क्रू काढून बघणं हाच पक्का उपाय. वॉरंटी चालू असेल तर आधी कंपनीला विचारा.

मॅकमध्ये अॅपलच्या खुणेवर क्लिक करून "अबाउट धिस मॅक" बघा. चिपच्या नावात एम१, एम२ असं काही दिसलं तर रॅम वाढत नाही, पुढे काही तपासायला नको.

७. मग घेताना किती घ्यायची? ८, १६ की ३२?

साधा नियम असा: स्लॉट असेल तर आज लागते तेवढी घ्या. सोल्डर असेल तर आज लागते त्याच्या एक पायरी वर घ्या, कारण पुढच्या पाच वर्षांचा निर्णय तुम्ही आजच करताय.

कामाप्रमाणे बघू. जमिनीचे उतारे, ऑनलाइन अर्ज, झेरॉक्स-प्रिंट असं सेवा केंद्राचं काम ८ जीबीवर आज होतं. सोल्डर मशीन असेल तर १६ घ्या. टॅली, एक्सेल आणि ब्राउझरमध्ये जीएसटीचं पोर्टल, बँक, मेल असे पंधरा टॅब उघडे ठेवणाऱ्या ऑफिसाला १६.

डीटीपी आणि फ्लेक्सवाल्यांनी मात्र हिशेब करूनच घ्यावं. गणपतीच्या आधीचे पंधरा दिवस आठवा. दहा बाय आठ फुटांचा फ्लेक्स, १०० डीपीआयला, म्हणजे इंचाला १०० पिक्सेल. रुंदी १२० इंच म्हणजे १२,००० पिक्सेल, उंची ९६ इंच म्हणजे ९,६०० पिक्सेल. एकूण साडेअकरा कोटी पिक्सेल. सीएमवायके, म्हणजे छपाईचे चार रंग असल्यामुळे प्रत्येक पिक्सेलला चार बाइट, म्हणजे पूर्ण भरलेल्या एका लेअरला सुमारे ४६० एमबी. मंडळाचा गणपती, पाठीमागचा देखावा, कार्यकर्त्यांचे फोटो, सावल्या असे पाच-सहा लेअर झाले की अडीच जीबी इथेच गेले. त्यावर फोटोशॉप मागे जाण्यासाठी जुन्या पायऱ्या सांभाळून ठेवतं, बाजूला कोरल उघडं असतं, मराठी आणि कन्नड दोन्हीचे फाँट लोड झालेले असतात, व्हॉट्सॲपवर गिऱ्हाईक नवा फोटो पाठवत असतं. फोटोशॉपसाठी अडोबी स्वतः किमान ८ आणि शिफारस १६ जीबीची करते, तीही एकट्या फोटोशॉपचा विचार करून. या धंद्याला सोल्डर मशीन घ्यायचं तर ३२ च घ्या. त्याहून बरं म्हणजे स्लॉटवालं घ्या.

लग्नाचे व्हिडिओ एडिट करणाऱ्यांना ३२ पासून सुरुवात. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक भागात सॉलिडवर्क्सवर पंप, व्हॉल्व्ह, कास्टिंगचं डिझाइन करणाऱ्यांना १६ किमान आहे आणि मोठ्या असेंब्लीला तेही अपुरं. त्यांना वेगळं ग्राफिक्स कार्ड लागत असल्यामुळे हा छोटा प्रकार मुळातच फारसा सोयीचा नाही. शिकणाऱ्या मुलांना १६ पुरते.

८. मॅकची ८ जीबी म्हणजे विंडोजची १६, असं म्हणतात. खरं का?

नोव्हेंबर २०२३ मध्ये अॅपलच्याच एका अधिकाऱ्याने मुलाखतीत या अर्थाचं विधान केलं होतं, तिथून ते पसरलं. मॅकओएस रॅममधला डेटा दाबून लहान करतं आणि एसएसडी वेगवान असल्यामुळे उरलेला तिकडे सरकवतं, म्हणून थोडी कमतरता जाणवत नाही. पण विंडोजही या दोन्ही गोष्टी करतं. प्रश्न ७ मधला साडेचारशे एमबीचा लेअर मॅकवरही साडेचारशे एमबीच असतो. पुढच्याच वर्षी एम४ मॅक मिनी आला तेव्हा अॅपलने सगळ्यांत स्वस्त मॉडेललाही १६ जीबी दिली. सेकंड हँड एम१ किंवा एम२ घेत असाल तर ८ वाला स्वस्त दिसला म्हणून उचलू नका, १६ वाला शोधा.

९. आमच्याकडे ८ जीबीचा सोल्डरवाला मिनी पीसी आहेच. हळू चालायलाय, हँग व्हायलाय. टाकून द्यायचा का?

अजिबात नाही. आधी खरंच रॅमच कमी पडतेय का ते बघा. नेहमीची सगळी कामं उघडी ठेवून टास्क मॅनेजरमध्ये मेमरीचा टक्का पाहा. ८५-९० च्या वर चिकटून राहत असेल तर रॅम. मेमरी ५० टक्के आणि डिस्क १०० टक्के दिसत असेल तर दोष रॅमचा नाही, डिस्कचा आहे, आणि ती बदलता येते. मॅकवर अॅक्टिव्हिटी मॉनिटरमध्ये मेमरी प्रेशरचा आलेख असतो. हिरवा असेपर्यंत चिंता नाही, पिवळा-लाल वारंवार झाला तर कमतरता आहे.

रॅमच कमी असेल तर टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप यादीतून नको ते बंद करा. प्रिंटरचे, स्कॅनरचे, अपडेटचे चार-पाच प्रोग्राम तिथे कायम बसलेले असतात. क्रोम आणि एज दोन्हीत न वापरलेले टॅब झोपवणारी सोय आहे, ती चालू करा. व्हॉट्सॲप ब्राउझरमध्ये आणि डेस्कटॉपवर असं दोन्हीकडे उघडं नको. दोन अँटीव्हायरस असतील तर एक काढा. एवढ्याने दीड-दोन जीबी मोकळी होणं काही विशेष नाही.

तरीही भागत नसेल तर मशीनचं काम बदला. डीटीपीला न पुरणारं ८ जीबीचं मशीन बिलिंगच्या काउंटरला, मुलांच्या अभ्यासाला किंवा विंडोजऐवजी फुकट मिळणारं लिनक्स मिंट टाकून घरच्या वापराला आरामात चालतं. चालू स्थितीतलं मशीन भंगारात जाताना बघवत नाही, आणि रॅम कमी एवढ्या कारणाने तर ते जाऊच नये.

१०. ८ जीबी सांगून दिलं आणि आत ५.९ जीबीच वापरता येते असं दिसतं. फसवलं का?

बहुधा नाही. प्रोसेसरमधलं ग्राफिक्स स्वतःसाठी रॅमचा एक तुकडा राखून ठेवतं. टास्क मॅनेजरमध्ये तो "हार्डवेअर रिझर्व्ह्ड" या ओळीत दिसतो. काही मशिनांवर, विशेषतः रायझनवाल्या, हा तुकडा दोन जीबी ठेवलेला असतो. बायोसमध्ये तो ५१२ एमबीपर्यंत कमी करता आला तर नुसत्या ऑफिसच्या कामाला फायदाच होतो. गेम किंवा व्हिडिओ एडिटिंग असेल तर हात लावू नका.

मशीन जुनं असून ३.२ किंवा ३.५ जीबीच दिसत असेल तर त्यात ३२ बिटचं विंडोज टाकलेलं असण्याची शक्यता मोठी. ६४ बिटचं टाकलं की सुटतं.

११. एसएसडी मोठी टाकून, किंवा पेनड्राइव्ह लावून रॅम वाढत नाही का?

नाही. रॅम भरली की विंडोज एसएसडीचा काही भाग रॅमसारखा वापरतं, त्यामुळे मशीन बंद पडत नाही, एवढंच. एसएसडी कितीही चांगली असली तरी रॅमपेक्षा खूप हळू असते, शिवाय सतत लिहिल्यामुळे तिचं आयुष्य खर्च होतं. मशीनमध्ये जुनी फिरणारी हार्ड डिस्क असेल तर एसएसडी टाकल्यावर फरक प्रचंड पडतो, पण तो फरक डिस्कचा. यूएसबीला लावायची रॅम असा प्रकार बाजारात नाही. कुणी विकत असेल तर घेऊ नका.

१२. एक मेकॅनिक म्हणतो, "चिपा काढून मोठ्या बसवून देतो." करून घेऊ का?

असं काम होतं, हे खोटं नाही. गरम हवेच्या यंत्राने चिप उचलायची, खालचे शेकडो सोल्डरचे ठिपके साफ करायचे, नवी चिप नेमकी बसवायची, आणि नंतर बायोसला नव्या रॅमची ओळख पटवायची. ही शेवटची पायरी बऱ्याचदा अडते. चिपा बसतात, पण मशीन सुरू होत नाही.

माझं मत स्पष्ट आहे: धंद्याच्या मशीनवर हे करू नये. वॉरंटी जाते, बोर्ड वाकला किंवा जळला तर सगळंच जातं, आणि मजुरी व चिपांचा खर्च धरला तर स्लॉटवालं सेकंड हँड मशीन त्याच्या आसपास येतं. एम मालिकेच्या मॅकवर तर रॅम प्रोसेसरच्या पॅकेजवर असते, तिथे धोका कितीतरी पट. करायचंच ठरलं तर ज्याने नेमक्या याच मॉडेलवर हे काम केलंय आणि तसं चालू मशीन दाखवू शकतो त्याच्याकडेच द्या.

१३. आमच्या मशीनला स्लॉट आहे, पण कंपनी म्हणते जास्तीत जास्त १६ जीबी. ३२ ची स्टिक बसेल का?

हा प्रश्न बहुतेक एन१०० वाल्यांचा असतो. इंटेलने या प्रोसेसरची कमाल रॅम १६ जीबी लिहिलीय. प्रत्यक्षात अनेकांकडे ३२ ची एक स्टिक चालते. पण चालली नाही तर कंपनी जबाबदार नाही, म्हणून दुकानातच लावून, मशीन सुरू करून, आकडा बघून पैसे द्या. या प्रोसेसरला मेमरीचा एकच चॅनल (रॅम आणि प्रोसेसरमधली वाट) आहे, त्यामुळे दोन स्टिकचा वेग मिळेल ही अपेक्षा नको.

डीडीआर४ ची स्टिक डीडीआर५ च्या स्लॉटात बसत नाही, उलटंही नाही. मधली खाच वेगळ्या जागी असते. जोर लावून बसवायला गेलं तर स्लॉट तुटतो आणि मग वाढणारं मशीनही न वाढणारं होतं.

१४. अर्धी रॅम सोल्डर आणि एक स्लॉट मोकळा, असं मशीन आहे. हे चांगलं की वाईट?

लॅपटॉपमध्ये हे नेहमीचं आहे, डेस्कटॉपमध्ये क्वचित. वाढवता येतं, म्हणून चांगलंच. ८ सोल्डर असेल तर स्लॉटमध्ये ८ टाकल्यावर दोन्ही चॅनल बरोबरीने चालतात. १६ टाकली तर एकूण २४ मिळते, त्यातला जुळणारा भाग दुहेरी वेगाने आणि उरलेला एकेरी वेगाने चालतो. ज्याची रॅम भरून जाते त्याला त्या वेगापेक्षा जास्त रॅम कामाची, त्यामुळे १६ च टाका.

१५. सोल्डर केलेली रॅमच बिघडली तर?

तर पूर्ण बोर्ड बदलावा लागतो, आणि वॉरंटी संपली असेल तर तो खर्च मशीनच्या किमतीजवळ जातो. या प्रकाराचा मला सगळ्यांत जास्त खटकणारा तोटा हाच. स्लॉटवाल्या मशीनमध्ये खराब स्टिक काढून पाच मिनिटांत काम सुरू होतं.

लक्षणं: अचानक निळा स्क्रीन, दर वेळी वेगळाच एरर, मोठी फाइल कॉपी केल्यावर ती खराब निघणं. विंडोज मेमरी डायग्नोस्टिक किंवा मेमटेस्ट८६ रात्रभर चालवून बघा. वॉरंटी संपण्याच्या महिनाभर आधी ही चाचणी एकदा करून ठेवा, म्हणजे दोष असलाच तर मुदतीत सापडेल. वॉरंटी वाढवून मिळत असेल तर सोल्डर मशीनला ती घ्यावी असं माझं मत आहे. स्लॉटवाल्याला तितकी गरज नाही. खानापूर भागात पावसाळ्यात लाइटचं येणं-जाणं जास्त, तिथे छोटा यूपीएस लावल्याशिवाय असं मशीन चालवू नका.

१६. "नंतर वाढवून देतो" म्हणून दुकानदाराने विकलं, आता म्हणतो वाढत नाही. काय करता येईल?

आधी लेखी मागणी करा, व्हॉट्सॲपवर केली तरी चालेल: अमुक तारखेला असं सांगितलं होतं, मशीन बदलून द्या किंवा पैसे परत करा. त्याने दाद दिली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा. बरीच प्रकरणं इथेच मिटतात. पुढची पायरी जिल्हा ग्राहक आयोग. व्यवहार पाच लाखांपर्यंतचा असेल तर तक्रारीला फी नाही. मुदत, तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षं.

"दुकानासाठी घेतलं म्हणजे आम्ही ग्राहक नाही ना?" असं बरेच जण विचारतात. धंद्यासाठीची खरेदी कायद्याने वगळली आहे खरी, पण स्वतः काम करून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू धंद्याची धरली जात नाही. स्वतः मशीनवर बसणारा डीटीपीवाला तक्रार करू शकतो. दहा नोकरांच्या कंपनीला ते अवघड.

पुरावा मात्र लागतो. बिलावर "रॅम ३२ जीबीपर्यंत वाढते" एवढी एक ओळ असेल तर निम्मं काम झालं. तोंडी बोलणं सिद्ध करता करता वर्ष जातं.

१७. आम्ही कोल्हापूरहून घेतो, तिकडे भाव बरा पडतो. भांडण झालं तर तक्रार महाराष्ट्रात करायची का?

गरज नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो तिथल्या आयोगाकडेही जाता येतं. निपाणीत राहून कोल्हापुरात खरेदी केली असेल तर बेळगाव जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार चालते. ऑनलाइन खरेदीचंही तसंच.

जीएसटी नोंदणी असलेल्यांनी एक गोष्ट पाहावी. संगणकावर १८ टक्के कर आहे. कोल्हापूरच्या दुकानदाराने महाराष्ट्राचा एसजीएसटी आणि सीजीएसटी लावला तर कर्नाटकातल्या नोंदणीवर त्याची वजावट मिळत नाही. आयजीएसटीचं बिल लागतं. भावातली दोन हजारांची बचत इथे सहज जाऊ शकते. खरेदीआधी आपल्या अकाउंटंटला विचारा.

१८. त्यापेक्षा कंपन्यांतून निघालेला जुना मायक्रो पीसी घेतला तर?

ज्यांचं बजेट कमी आहे त्यांना मी हेच सुचवतो. दोन स्लॉट, दणकट बांधणी, सुटे भाग मिळतात. पण विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढेच अधिकृतपणे चालतं. म्हणून सहाव्या-सातव्या पिढीचं मशीन स्वस्त दिसलं तरी फक्त लिनक्ससाठीच घ्या. प्रोसेसरच्या नंबरात आय५ नंतरचा आकडा ८ असेल, म्हणजे आय५-८५०० सारखा, तर ती आठवी पिढी. दहावीपासून पुढे पिढी दोन आकड्यांत लिहितात, आय५-१०५०० अशी.

१९. सध्या रॅम महाग झालीय. आता कमी रॅमचं घेऊन नंतर स्वस्त झाल्यावर वाढवू का?

स्लॉटवालं असेल तर हो, तोच तर स्लॉटचा फायदा. एआयच्या डेटा सेंटरांनी चिपांची मागणी इतकी वाढवली की २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव झपाट्याने चढले. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये क्रूशल या ब्रँडची किरकोळ विक्रीच बंद करत असल्याचं जाहीर केलं. घरात बंद पडलेला लॅपटॉप असेल तर त्यातली स्टिक काढून बघा. जात जुळली, म्हणजे डीडीआर४ ला डीडीआर४, तर मिनी पीसीत ती चालते.

सोल्डरवालं असेल तर भाव उतरेल म्हणून थांबा किंवा आज पुरेशी रॅम घ्या. कमी घेऊन नंतर वाढवण्याचा मार्ग तिथे नाही.

२०. इंजिनिअरिंगला आहे. घरच्या घरी एआय मॉडेल चालवायचंय. सर म्हणतात सोल्डर रॅमवालं घे. उलटं कसं?

सर बरोबर सांगतायत, आणि या एका कामात सोल्डर रॅम खरोखर सरस आहे. भाषेचं मॉडेल चालवताना प्रत्येक शब्दासाठी जवळपास सगळं मॉडेल रॅममधून वाचावं लागतं, म्हणून वेग ठरतो तो प्रश्न ३ मधल्या आकड्यांवर. साध्या ग्राफिक्स कार्डाची स्वतःची मेमरी ८ किंवा १२ जीबीवर अडते. सोल्डर रॅमचं १२८ जीबीचं मशीनही मिळतं आणि त्यातला मोठा हिस्सा ग्राफिक्सला देता येतो. पण एवढ्या रॅमची किंमत लाखात जाते. शिकण्यासाठी छोटी मॉडेलं १६ ते २४ जीबीवर चालतात. आधी ती वापरून बघ, मग ठरव.

२१. शाळेच्या लॅबसाठी देणगी मिळालीय. कोटेशन मागवताना काय लिहू?

"मिनी पीसी, १६ जीबी" एवढंच लिहिलंत तर सगळ्यांत स्वस्त सोल्डरवालं येईल. असं लिहा: "किमान दोन सो-डिम स्लॉट, त्यातला एक रिकामा, ८ जीबीची एक स्टिक बसवलेली, एसएसडी बदलता येण्यासारखी, विंडोज ११ ला अधिकृत पात्र, तीन वर्षांची वॉरंटी शाळेत येऊन." लॅबमध्ये एक मशीन बंद पडलं तर त्याची स्टिक दुसऱ्यात घालता येते, आणि पुढच्या देणगीत नवी मशिनं न घेता नुसत्या स्टिक घेऊन सगळी लॅब १६ ची करता येते. मराठी शाळांना अशी देणगी रोज मिळत नाही, म्हणून लॅबसाठी सोल्डर मशीन घेऊच नये.

२२. सोल्डरवालं मशीन विकायचंय. रॅम काढता येत नाही, मग आमचा डेटा त्यात राहील का?

रॅममध्ये राहणार नाही. वीज बंद झाली की ती रिकामी होते. डेटा असतो एसएसडीवर. ती काढता येत असेल तर काढून ठेवा. नसेल तर विंडोजमध्ये "रीसेट धिस पीसी" घेऊन "रिमूव्ह एव्हरीथिंग" आणि त्यातला "क्लीन डेटा" हा पर्याय निवडा. मॅकमध्ये आधी फाइंड माय (हरवलेलं मशीन शोधायची सोय) बंद करा, मग "इरेज ऑल कंटेंट अँड सेटिंग्ज". सोसायटीचं किंवा सीएच्या ऑफिसचं मशीन असेल तर त्यात लोकांची पॅन-आधारची कागदपत्रं असतात, ती पुसल्याशिवाय ते दाराबाहेर जाऊ देऊ नका.